कासिआनचा माग

आल्प्समधल्या आमच्या ओबरलान गावात माणसाची पारख त्याच्या मागावरून होते. ताज्या बर्फातून स्की सरकवत डोंगर चढणारा पहिला माणूस आपल्यामागे जी दुहेरी रेघ सोडतो, तो त्याचा माग. बाकीच्यांनी त्यावरून चालायचं. पाववाल्या लुइसचा माग सरळ उभा असतो, अर्ध्या तासात छाती फुटायची पाळी येते. सरपंचाचा माग निवडणुकीच्या वर्षी फार सोपा असतो, एरवी तो कुठे जातो हे सरपंचालाही ठाऊक नसतं. आणि माझ्या नवऱ्याचा, कासिआनचा माग असा, की त्यावरून डोळे मिटून चालावं. सव्वीस वर्षं तो डोंगरातल्या बचाव पथकात आहे. बर्फाखालून त्याने माणसं काढलीत, काही जिवंत, काही नाही. त्यामुळे कासिआनचा माग दिसला की पुढे कोणी डोकं चालवत नाही. हे कौतुक ऐकलं की तो मान खाली घालून लाजायचा आणि घरी आल्यावर तीनदा सांगायचा.

आता त्याचा दुसरा गुण सांगते. तो खोटं बोलतो. सगळीकडे नाही, फक्त बुटरकारबद्दल.

बुटरकार म्हणजे लोण्याची कढई. श्टाइनयोख शिखराच्या कुशीत तो खोलगट उतार आहे. दिवस चांगले असले, वारा पडलेला असला, की तिथला बर्फ नावाला जागतो. असा बर्फ कोणी विस्कटायच्या आत आपल्याला मिळावा म्हणून भली माणसंही काय वाटेल ते करतात. शनिवार-रविवारी बाहेरगावचा कोणी विचारायला आला, की कासिआन चेहरा लांब करायचा. "वाऱ्याने भरलंय. लादी बसलीय. जाऊ नका, घरी वाट बघत असतील." ते बिचारे आभार मानून दुसऱ्या डोंगरावर जायचे, आणि सोमवारी सकाळी आम्ही दोघं त्या कोऱ्या कढईतून गिरक्या घेत खाली. एका वर्षी तर मीच पिवळ्या फळीवर काळ्या रंगाने 'थांबा, धोका' असं रंगवून दिलं. शुक्रवारी लावायची, सोमवारी काढायची. पापात माझा अर्धा वाटा होता आणि बर्फातही.

गाव काही दूधखुळं नव्हतं. कासिआन 'लादी' म्हणाला की खानावळीत हशा पिकायचा. तरी गावातलं कोणी त्याच्या आधी कढईत उतरायचं नाही. तेवढा मान त्याला होता.

खरी लादी कशी बसते हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. वारा आळशी माणसासारखा झाडतो. डोंगराच्या एका अंगाचा बर्फ लोटत नेतो आणि कण्यापलीकडे, आडोशाच्या अंगाला, ढिगाने टाकून देतो. तो ढीग दिसायला गादीसारखा गुळगुळीत, पण खालच्या थराला त्याने धरलेलं नसतं. त्यावर चुकीच्या जागी माणूस गेला की अख्खी गादी निसटते, माणसासकट. हे सगळं मला ठाऊक होतं, हे आधीच कबूल करते. नंतर कोणी विचारायला नको.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या गायक मंडळाची सहल असते. स्कीवर श्टाइनयोख चढायचं, शिखरावरच्या क्रुसाजवळ एक गाणं म्हणायचं आणि उतरून सूप प्यायचं. माग काढायचं काम कासिआनचं. तो पहाटे पाचला एकटा निघतो आणि वर चहा घेऊन आमची वाट बघतो. त्याला सूर अजिबात नाही, पण मंडळातला सगळ्यात उपयोगी माणूस तोच.

यंदा आम्ही आठजण होतो. मी सगळ्यात पुढे. माझ्यामागे विगिल गुरुजी. वय एकाहत्तर, अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला मंडळात गायला. त्यांच्यामागे ऑर्गन वाजवणारी लोनी, जिच्या कानावर एखादी गोष्ट शनिवारी गेली तर रविवारच्या प्रार्थनेआधी ती दरीच्या तोंडापर्यंत पोचते. मग हॅम्बुर्गहून आलेल्या नव्या डॉक्टरीणबाई, मारेन. आणि शेवटी मंडळातले खालच्या पट्टीचे चार पुरुष, जे चढताना बोलत नाहीत आणि उतरल्यावर थांबत नाहीत.

डॉक्टरीणबाईंची आम्ही वाटभर चेष्टा केली. त्यांच्याकडे सगळं होतं, फावडं, शोधकाठी, गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र, सुटी बॅटरी. जंगल संपलं तिथे उभं राहून त्यांनी फोनवरून हिमलोटाचा सकाळचा सरकारी इशारा मोठ्याने वाचला. धोका पाचातल्या तिसऱ्या पायरीचा, दोन दिवस वायव्येचा वारा, पूर्व आणि आग्नेय उतारांवर वाहून आलेला बर्फ, एका माणसाच्या वजनानेही सुटेल असा. लोनी म्हणाली, बाई फार छान वाचतात, पुढच्या ईस्टरला पवित्र पाठ यांनाच द्या.

मी त्याहून वाईट बोलले. मी म्हटलं, "बाई, हे लिहिणारा इन्सब्रुकमध्ये गरम खोलीत बसलाय. आमचा कासिआन आज पहाटे स्वतः इथून गेलाय. कोणावर भरवसा ठेवायचा ते तुम्हीच बघा."

त्यांनी फोन खिशात टाकला. वर म्हणाल्या, "तसं असेल तर ठीक आहे." इतकी शहाणी बाई, फावडं घेऊन फिरणारी, पण आमच्या गावात चार महिने राहून तिलाही आमचा रोग लागला होता.

कण्यावर पोचलो तर वाऱ्याने तो साफ धुऊन काढलेला. बर्फ दगडासारखा टणक. स्कीच्या कडा कुरकुरत होत्या, पण रेघ म्हणून उमटत नव्हती, त्यामुळे कासिआनचा मागही दिसेना. मला त्याचं काही वाटलं नाही. दरवर्षीची वाट आहे, कण्याकण्याने क्रुसापर्यंत. तशाच चाललो, आणि खिंडीपाशी आलो तेव्हा सगळ्यांनाच तो दिसला.

खिंडीतून कणा डावीकडे वळतो आणि उजवीकडे बुटरकार सुरू होतं. त्या उजव्या बाजूला, मऊ पांढऱ्या बर्फात, कासिआनचा माग होता. थोडा बुजलेला, पण स्पष्ट. कढईत आडवा जाऊन साठेक पावलांवरच्या मोठ्या खडकामागे तो दिसेनासा झाला होता. पुढे तिथूनच वर चढत असणार, असं आम्ही धरून चाललो.

गुरुजींनी टोपी काढली. खरंच काढली. म्हणाले, "बुर्गी, तुझ्या नवऱ्याने आज आमच्यासाठी कढई उघडली गं."

किती वर्षं मी त्याच्यामागे लागले होते, की एकदा तरी मंडळाला घेऊन जा, एकट्याने खाऊन काय पोट भरतं का. दरवेळी तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आणि आज न सांगता, न सवरता. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने मला इतकं सुंदर काही दिलं नव्हतं, असं वाटून मी पहिली स्की मऊ बर्फावर ठेवली.

तेवढ्यात वरून ओरडणं ऐकू आलं. कासिआन कण्यावरून घसरत, जवळजवळ पडत-झडत खाली येत होता. एक हातमोजा गायब, टोपी कानावर. आमच्याजवळ येऊन थांबला आणि धापा टाकत म्हणाला, "थांबा. तिकडे जाऊ नका. वाऱ्याने भरलंय. लादी बसलीय."

आम्ही इतके हसलो की लोनीला काठ्यांवर ओणवं व्हावं लागलं. शब्द तेच, चेहरा तोच लांब. खालच्या पट्टीतल्या एकाने तर पुढचं वाक्यही म्हणून दाखवलं, घरी वाट बघत असतील म्हणून. मला मात्र हसता हसता राग येऊ लागला. हातात ठेवलेली मिठाई कोणी काढून घ्यावी तसं वाटलं. द्यायची होती तर द्यायची, अर्ध्यावर येऊन जीव का तुटावा याचा?

गुरुजी प्रेमाने म्हणाले, "कासिआन, चर्चसाठी एक वाटी सोड की रे."

कासिआनने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला की खडकामागे पहाडी शेळ्या आहेत, पिल्लांसकट, बिचकतील. लोनीने विचारलं, फेब्रुवारीत पिल्लं? त्यावर तो म्हणाला की शेळ्या नसतील, पण खालचा खडक उघडा पडलाय, स्की खरवडतील. त्या कढईत तेव्हा पुरुषभर बर्फ होता. त्याच्याकडे बघून मला लाज वाटली. बचाव पथकातला माणूस, आणि आठ जणांसमोर मुठीत खाऊ लपवणाऱ्या पोरासारखा.

मी म्हटलं, "कासिआन, पुरे झालं. जायचं नाही म्हणतोस, मग तुझा स्वतःचा माग आत कसा गेलाय?"

त्याची एक खोड मला माहीत आहे. खोटं बोलताना त्याचे कान थंड असतात, खरं बोलायची वेळ आली की लाल होतात. आता ते टोपीखालून लालबुंद दिसत होते. तो आधी गुरुजींकडे बघत होता, मग लोनीकडे, आणि लोनीवरून त्याची नजर पुढे सरकेना.

"मी तिकडे वाट काढायला गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"मग?"

"परसाकडला गेलो होतो."

लोनीने विचारलं, काय म्हणाला? तिला ऐकू आलं होतं, पण असं काही दोनदा ऐकायची संधी ती सोडणार नव्हती.

कासिआन आता थांबेना. एकदा बांध फुटल्यावर त्याने सगळंच सांगून टाकलं. पहाटे कण्यावर येईपर्यंत पोटात गोळा आला. कण्यावर आडोसा नाही, खानावळीच्या गच्चीत ती मेली दुर्बीण आहे, पहाटेपासून कोणी ना कोणी तिला डोळा लावून बसलेला असतो. आडोसा म्हणून त्या सबंध डोंगरावर तो एक खडक. विचार करायला वेळ नव्हता. जाताना अर्ध्यावर पायाखाली बर्फ 'हुप्प' करून बसल्याचा आवाज झाला, तेव्हाच कळलं की ही लादी आहे, पण तोवर मागे फिरणं शक्य राहिलं नव्हतं. कुठल्याच अर्थाने नाही. परत येताना श्वास रोखून, त्याच रेघेवरून, आयुष्यात पहिल्यांदा आईचं नाव घेत तो कण्यावर आला.

"किती वेळा झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या गंमत करत नव्हत्या.

"तिथे एकदा. वर जाऊन आणखी एकदा."

"पातळ?"

"बाई, आत्ता हे..."

"ताप आहे का?"

मला सगळं कळून चुकलं होतं. मंगळवारचं घेवड्याचं सूप त्याने शुक्रवारी संध्याकाळी संपवलं होतं. मी टाकून दे म्हटलं होतं, तर अन्नाचा अपमान नको म्हणून वर वास सुटलेल्या राखाडी चीजचा भलामोठा तुकडाही. सूप खरं होतं, कान लाल होते, आणि लोनीसमोर असली गोष्ट कोणी मनाने रचून सांगत नाही. माझा एक पाय अजून त्या मऊ बर्फावर होता.

घाबरले की मी भांडते. तिथेही भांडले. म्हटलं, "अरे शहाण्या, मग काठ्या तरी आडव्या घालायच्या होत्यास त्या मागावर. पथकात दुसऱ्यांना शिकवतोस ना?"

"घातल्या असत्या तर तू विचारलं असतंस, कशाला घातल्यास."

"म्हणून आठ माणसं आत पाठवायची?"

"वाऱ्याने बुजेल असं वाटलं गं," तो म्हणाला. "बुर्गी, भांडण नंतर कर. पाय मागे घे. हळू."

मी पाय उचलला आणि कण्याच्या टणक बर्फावर ठेवला. बाकीचे आधीच मागे सरकले होते. तसं करताना त्या स्कीचं मागचं टोक एकदा कढईच्या कडेवर आपटलं, फार जोरात नाही, आणि माझ्या पायाशीच तो आवाज झाला. हुप्प. गादीवर कोणी जड माणूस बसावा तसा. माझ्या स्कीच्या टोकापासून एक रेघ निघाली आणि सुरी फिरावी तशी कढईच्या वरच्या कडेने पळत गेली. मग बुटरकार, सगळंच्या सगळं, शांतपणे हललं. त्याचे आधी घराएवढे तुकडे झाले, मग तुकड्यांचा धूर झाला, आणि मग उशिरा आवाज आला. खडक दिसेनासा झाला. माग तर आधीच गेला होता.

मी कासिआनचा दंड धरला होता. कधी धरला ते आठवत नाही. गुरुजी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी पुन्हा ती का काढली होती, कोण जाणे. धूर खाली बसायला बराच वेळ लागला. आम्ही आठ जण एकापाठोपाठ एक, त्याच रेघेवर असतो. कोणाला खणून काढायला वर एकटा कासिआन उरला असता.

पहिल्या बोलल्या त्या डॉक्टरीणबाई. कासिआनला म्हणाल्या, "पाणी पीत राहा. मीठसाखर घालून."

त्यावर जे हसू सुटलं ते पहिल्यासारखं नव्हतं. अर्धे रडतच होते. शिखरावर त्या दिवशी कोणी गेलं नाही. क्रुसाला गाणं न ऐकवता मंडळ माघारी आलं, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. उतरताना चार पुरुषांनी शपथ घेतली, गुरुजींनी घेतली, लोनीनेही छातीवर हात ठेवून घेतली, की यातलं अक्षरही खाली कळणार नाही.

आम्ही गावात पोचलो तेव्हा पाववाला लुइस दुकानाबाहेर उभा होता. त्याने कासिआनला विचारलं, आता बरं आहे ना पोट?

रविवारी चर्चमध्ये कासिआन शेवटच्या बाकावर बसला. लोक येता-जाता त्याच्या खांद्यावर थोपटत होते, पण तोंडं दाबून. सरपंचाने त्या खडकाला कासिआनचं नाव द्यायचं सुचवलं. बचाव पथकाचा प्रमुख, जो सहसा हसत नाही, म्हणाला की पुढच्या वर्षीपासून नव्या पोरांना पहिला धडा कासिआननेच द्यायचा. दुसऱ्याच्या मागावरून जाण्याआधी तो तिकडे कशाला गेला होता ते विचारा, हा. मी गाताना दोनदा चुकले. लोनी मात्र एकदाही चुकली नाही, तिचं मन फार हलकं झालं होतं.

दुपारी आम्ही स्वयंपाकघरात होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला भाताचा मऊ गोळा तो निमूटपणे खात होता. सव्वीस वर्षांत कमावलेलं नाव एका सकाळी गेलं, हे त्याला टोचत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. पण राग माझाही उतरला नव्हता. एवढा जीव टांगणीला लागलेला असताना माणूस शेळ्या कसल्या सांगतो, पिल्लं कसली सांगतो? माझा पाय आत होता. आणखी दोन पावलं टाकली असती तर?

शेवटी मी विचारलंच. "खरं सांगायला एवढा उशीर का लावलास?"

त्याने चमचा खाली ठेवला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"उशीर कुठे लावला?" तो म्हणाला. "आल्या आल्या पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं. वाऱ्याने भरलंय, लादी बसलीय. तू सगळ्यांत मोठ्यांदा हसलीस."

मी त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.